नदी गोठली म्हणजे

पृथ्वीचा आकार कसा, असे वर्गात विचारले की मुले एका सुरात सांगतात, "संत्र्यासारखा! दोन्ही ध्रुवांजवळ थोडा चपटा!" आमच्या विदर्भातल्या मुलांना संत्र्याची उपमा वेगळी समजावून द्यावी लागत नाही. हे उत्तर मी इतकी वर्षे ऐकत आलो की ते कोणी, कधी, कसे ताडून पाहिले हा विचार मनाला शिवलाच नव्हता. एकदा मात्र मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "गुरुजी, पण हे बघून कोण आलं?" शाळामास्तराला अडचणीत आणणारे प्रश्न नेहमी मागच्या बाकावरूनच येतात. मी घंटा होईपर्यंत वेळ मारून नेली आणि घरी येऊन पुस्तके चाळायला बसलो.

त्या शोधात मी ज्या गावी जाऊन पोहोचलो त्याचे नाव तोर्निओ. पोहोचलो म्हणजे पुस्तकांतूनच; मास्तराच्या पगारात फिनलंड बसत नाही. वाचकांनी घरातला नकाशा काढून पाहावा. स्वीडन आणि फिनलंड या दोन देशांच्या मधे बॉथ्नियाचे आखात लांबच लांब घुसलेले दिसेल. ते जिथे संपते, अगदी त्या टोकाला, उत्तरेकडून येणारी तोर्ने नदी समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी सुएनसारी नावाच्या बेटावर हे गाव वसले. आर्क्टिक वृत्त तिथून ऐंशीएक किलोमीटरांवर आहे. आज गावाची वस्ती वीस-एकवीस हजार, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावापेक्षाही लहानच. परंतु या गावाला जायचे कसे, आणि गेल्यावर इकडून तिकडे व्हायचे कसे, या एका प्रश्नावर राजे, पंडित, सैनिक, क्रांतिकारक आणि गाई हाकीत निघालेल्या बायाबापड्या अशा सगळ्यांनी डोके खाजवले आहे.

गाव स्थापन झाले १६२१ साली. फिनलंड तेव्हा स्वीडनच्या राज्यात होता, आणि गुस्ताव्ह आडोल्फ राजाने या बेटाला शहराचे हक्क दिले. कारण साधे होते. नदी हाच उत्तरेचा हमरस्ता. तोर्निओचे व्यापारी त्या रस्त्याने वर जात, सामी लोकांकडून केसाळ कातडी आणि सुके मासे घेत, आणि मीठ, धान्य, कापड त्यांच्या पदरात टाकीत. उन्हाळ्यात होड्या चालत. हिवाळ्यात नदी दगडासारखी गोठली म्हणजे तिच्यावरून घसरगाड्या धावत, आणि खरे सांगायचे तर हिवाळ्यातला रस्ताच अधिक चांगला. त्याला ना खड्डा, ना चिखल. हाल होत ते या दोहोंच्या सांध्यात. बर्फ माणसाचे ओझे पेलण्याइतके घट्ट नाही आणि होडी जाईल इतके पाणी मोकळे नाही, असे काही आठवडे शरद ऋतूत आणि पुन्हा वसंतात येतात. फिनी भाषेत या दिवसांना एक खास शब्दच आहे, 'केलिरिक्को'. पुराच्या दिवसांत पलीकडचे गाव आठ-आठ दिवस तुटलेले ज्यांनी पाहिले आहे त्यांना या शब्दाचा अर्थ विचारावा लागणार नाही.

इतक्या आडवळणाच्या गावालाही पाहुणे येत. १६९४ साली स्वीडनचा राजा अकरावा कार्ल मुद्दाम इथवर आला, तो मध्यरात्रीचा सूर्य पाहायला. देवळाच्या घंटाघरावर चढून त्याने तो पाहिला. १७३२ साली लिनिअस आला, वनस्पतींना दोन-दोन नावे देणारा तोच हा लिनिअस, तेव्हा अवघा पंचवीस वर्षांचा. गावकऱ्यांनी त्याच्यापुढे वेगळेच दुखणे मांडले. दर वसंतात गुरे कुरणावर सोडली की ती पटापट मरतात. देवीचा कोप म्हणावा की काय? लिनिअस उठला, कुरणात जाऊन ओल्या जागा पायाखाली घातल्या आणि तिथे उगवलेली एक विषारी पाणवनस्पती दाखवून म्हणाला, ही उपटून टाका. मला स्वतःला राजाच्या भेटीपेक्षा ही भेट मोलाची वाटते. पण आमचा प्रश्न पृथ्वीचा आहे.

तर त्या काळी युरोपात पृथ्वीवरून मोठे भांडण जुंपले होते. न्यूटनने गणिताने सांगितले होते की स्वतःभोवती फिरणारा गोळा ध्रुवांशी दबलेला आणि पोटाशी फुगलेला असला पाहिजे. फ्रान्समध्ये मात्र कासिनी घराण्याच्या ज्योतिषांनी आपल्या देशात मोजणी करून उलटाच निष्कर्ष काढला होता; त्यांची पृथ्वी ध्रुवांकडे लांबट होती, लिंबासारखी म्हणा. संत्रे की लिंबू, हा वाद इंग्लंड आणि फ्रान्स यांच्या अब्रूचा होऊन बसला. निकाल लावायचा उपाय एकच. अक्षांशाचा एक अंश म्हणजे जमिनीवर किती अंतर, हे विषुववृत्ताजवळ मोजायचे आणि ध्रुवाजवळही मोजायचे. ध्रुवाजवळचा अंश लांब भरला तर न्यूटन खरा, आखूड भरला तर कासिनी. पंधराव्या लुईच्या राज्यात पॅरिसच्या विज्ञान अकादमीने १७३५ साली एक तुकडी पेरूकडे पाठवली आणि दुसऱ्या वर्षी दुसरी उत्तरेकडे. या दुसऱ्या तुकडीचा नायक मोपेर्त्युई, वय सदतीस, हुशार, देखणा आणि आपण हुशार आहोत हे पुरते जाणून असलेला. त्याच्याबरोबर क्लेरो हा तरुण गणिती, कामू, ल मोनिए, प्रवासाची रोजनिशी लिहिणारा पाद्री उतिए, आणि स्वीडनचा सेल्सिअस. तापमापकाच्या शंभर अंशांमुळे आज घराघरांत ज्याचे नाव जाते तोच हा. पण ते अंश त्याने सुचवले पुढे, १७४२ साली.

मे १७३६ मध्ये ही मंडळी डंकर्क बंदरातून जहाजात बसली आणि स्टॉकहोमला उतरली. तिथे राजाने त्यांचे स्वागत केले आणि सावधही केले. आपण रक्ताचे पाट वाहिलेल्या लढाया पाहिल्या आहेत, पण तुम्ही निघाला आहात त्या वाटेला जाण्यापेक्षा पुन्हा तशा लढाईत उतरणे पत्करू, अशा अर्थाचे काहीतरी तो बोलल्याचे मोपेर्त्युईने नमूद केले आहे. तरीही मंडळी आखाताच्या कडेकडेने उत्तरेला निघाली आणि जूनमध्ये तोर्निओत दाखल झाली. सूर्य मावळेना, रात्र होईना. बेटावरची लाकडी घरे, १६८६ साली बांधलेले लाकडी देऊळ आणि त्याचा उंच टोकदार कळस, एवढेच काय ते गाव.

पहिला बेत असा होता की समुद्रातल्या बेटांवर खुणा उभ्या करून त्यांचे त्रिकोण मोजावेत. बेटे पाहिली तर ती इतकी बुटकी, की एकामागे एक दडून जात. मग असे निघाले की हिवाळ्यात समुद्र गोठेल, त्यावरच मोजू. जाणत्यांनी सांगितले की समुद्राच्या बर्फाचा भरवसा धरू नका, वारा फिरला तर एका रात्रीत ते निघून जाते. अशी सगळी दारे बंद झाल्यावर त्यांची नजर गेली ती नदीकडे. तोर्ने बरोबर उत्तर-दक्षिण वाहते आणि तिच्या दोन्ही काठांना टेकड्या आहेत. व्यापारी शंभर वर्षे जो रस्ता वापरीत होते त्याच रस्त्याने विज्ञानालाही जावे लागले. हे सांगायला फ्रान्सहून यायला नको होते, असे एखादा तोर्निओकर मनात म्हणाला असेल तर त्याचा दोष नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात होड्यांचा तांडा नदीने वर निघाला. मदतीला फिनी सैनिक दिले होते. होड्या पातळ फळ्यांच्या, इतक्या हलक्या की खडकावर आदळल्या तर फुटण्याऐवजी लवत. वरच्या अंगाला जाताना खळाळ आला की त्या दोरांनी ओढायच्या किंवा खांद्यावर घ्यायच्या, आणि उतरताना जीव मुठीत धरून त्याच खळाळात सोडून द्यायच्या. वल्हे मारणारे शांत असत, पॅरिसचे पंडित मात्र डोळे मिटून घेत असावेत. भाषेची अडचण होतीच. पंडितांना फिनी येईना आणि गावकऱ्यांना फ्रेंच. ही गाठ आंदेर्स हेलांत नावाच्या एका स्थानिक तरुणाने सोडवली. तो नदीकाठच्या पेल्लो गावचा, वय अठरा-एकोणीस, उप्सालाला शिकलेला. दुभाष्याचे काम त्याने केले. मोठ्या शोधांच्या कथांत दुभाषी कधी पहिल्या ओळीत येत नाहीत, म्हणून इथे त्याचे नाव मुद्दाम घेतले.

टेकड्यांवर चढायचे, माथ्यावरचे रान तोडायचे, आणि साल काढलेल्या सोटांचा शंकूसारखा मनोरा उभारायचा. साल काढल्याने लाकूड पांढरे दिसे आणि कित्येक कोसांवरून दुर्बिणीत सापडे. नीवा, आवसाक्सा, होरिलाकेरो, पुलिंगी, कित्तिस अशी त्या टेकड्यांची नावे. रानातली खरी दहशत अस्वलांची नव्हती, डासांची आणि माश्यांची होती. पंडित तोंडावर जाळी बांधून हिंडत. जेवायला बसायचे तर ओले लाकूड पेटवून दाट धुरात बसत, आणि तरीही ताटावरचे झाकण काढताच अन्न काळे होऊन जाई. फिनी सैनिकांनी चेहऱ्यांना सरळ डांबर फासले होते. होरिलाकेरोवर तर यांनीच पेटवलेल्या शेकोटीने रान पकडले आणि कष्टाने केलेल्या कामाची राख व्हायची वेळ आली. रानात असे त्रेसष्ट दिवस काढल्यावर देवळाच्या कळसापासून कित्तिस टेकडीपर्यंत त्रिकोणांची साखळी पुरी झाली. दक्षिणेच्या टोकाला देवाचे घर आणि उत्तरेच्या टोकाला ओबडधोबड वेधशाळा. तिथून त्यांनी कालेय तारकासमूहातल्या एका ताऱ्याची उंची घेतली. तीच पुढे तोर्निओतही घेतली, आणि दोन्हींतल्या फरकावरून अक्षांशांचे अंतर काढले.

आता उरला एक आकडा, आणि तोच सगळ्यांत अवघड. त्रिकोणांचे कोन मोजले, पण निदान एक तरी बाजू प्रत्यक्ष जमिनीवर काठी टाकून मोजल्याशिवाय कोनांचे कोस होत नाहीत. झाडीने भरलेल्या त्या डोंगराळ मुलखात सपाट, सरळ, मोकळी अशी चौदा किलोमीटर जमीन आणायची कुठून? ती नदीनेच दिली. नदी गोठली, आणि २१ डिसेंबर १७३६ रोजी, वर्षातल्या सगळ्यांत लहान दिवशी, आवसाक्साच्या परिसरातल्या गोठलेल्या पात्रावर मोजणी सुरू झाली.

सूर्य भर दुपारी क्षितिजावर जेमतेम डोके काढी आणि खाली जाई. संधिप्रकाश, बर्फाचा पांढरेपणा आणि आकाशातली उत्तरध्रुवीय आभा एवढ्या उजेडावर दिवसाचे चार-पाच तास काम चाले. फरच्या लाकडाच्या आठ लांब काठ्या केल्या होत्या, प्रत्येक तीस फुटांची. दोन तुकड्या झाल्या, प्रत्येकीकडे चार काठ्या. एक काठी बर्फावर ठेवायची, तिच्या टोकाला टोक लावून दुसरी, मग तिसरी, मग पहिली उचलून पुढे. पायांखाली दोन-दोन फूट भुसभुशीत हिम, अंगावर घामाने भिजलेले कपडे, आणि हात थांबले की बोटे बधिर. तहान लागली तर सगळे पेय गोठलेले. एक ब्रँडी तेवढी पातळ राहिली होती. तिचा पेला ओठांना लावला की ओठ आणि जीभ धातूला चिकटत आणि काढताना रक्त येई. वाचकहो, दिवाळीच्या थंडीत पहाटे उटणे लावून घेताना कुडकुडणाऱ्या मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी.

दोन्ही तुकड्यांनी चौदा किलोमीटर स्वतंत्रपणे मोजले. दोघींच्या मोजण्यांत फरक किती पडला असेल? चार इंच. मी हा आकडा वाचला तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसलो. आमच्या शाळेचे कुंपण आम्ही दोनदा मोजले तर दोन्ही वेळांत हातभर अंतर पडले होते.

पुढचे महिने त्यांनी गणितात आणि वेध पुन्हा ताडून पाहण्यात तोर्निओतच काढले. जानेवारीत गावाची कळा अशी, की रस्त्यावर चिटपाखरू दिसेना. थंडीने घरांची लाकडे फुटल्याचा आवाज तेवढा अधूनमधून येई. उबदार खोलीचे दार उघडले तर बाहेरची हवा आत शिरताच खोलीतल्या वाफेचे हिम होऊन खाली पडे. गावाबाहेर जायचे तर रेनडिअरची गाडी. एका माणसापुरती, होडीच्या आकाराची, चाक नसलेली; जनावर उधळले तर ती कलंडू नये म्हणून हातातल्या काठीने तोल सांभाळायचा, एवढाच आपल्या हातातला लगाम. मोपेर्त्युई तरीही या मुक्कामात रमला. गावच्या घरांत त्यांचे जाणेयेणे झाले, गाणी झाली, ओळखी झाल्या. त्या ओळखींना पुढे काय फळ आले याची एक करुण कथा आहे. फ्रेंच मंडळी परत गेल्यावर तोर्निओच्या प्लांस्ट्रम नावाच्या व्यापाऱ्याच्या दोन मुली त्यांच्या मागे फ्रान्सला निघून गेल्या. इतक्या दूरच्या वाटेने आलेल्या या दोघी बहिणींची पॅरिसात चर्चा पुष्कळ झाली. जे गाव गाठायला पंडितांना आठवडेच्या आठवडे लागले ते सोडून उलट्या वाटेने त्या दोघी कशा गेल्या असतील, याचे पुस्तक कोणी लिहिले नाही. मी कादंबऱ्या लिहितो म्हणून मला हे जास्त लागते, असेही असेल.

जून १७३७ मध्ये मंडळी परत फिरली. आखातात जहाजाला पाणी लागले, ते किनाऱ्याला घालावे लागले, पण उपकरणे आणि कागद वाचले. नोव्हेंबरात मोपेर्त्युईने अकादमीपुढे निकाल वाचला. उत्तरेचा एक अंश ५७,४३७ तुआझ भरला. तुआझ हे फ्रेंच माप, सुमारे दोन मीटरांचे. पॅरिसजवळचा अंश ५७,०६० तुआझ. उत्तरेचा अंश लांब, म्हणजे पृथ्वी दबलेली, म्हणजे संत्रे. मोपेर्त्युईने पुढे स्वतःचे एक चित्र काढवून घेतले. त्यात तो उत्तरेकडचा केसाळ पोशाख घालून पृथ्वीच्या गोळ्यावर हात दाबून उभा आहे, जणू पृथ्वी यानेच चपटी केली! गर्व असा फार काळ टिकत नाही. १८०१ ते १८०३ या काळात स्वान्बेर्य या स्वीडिश गणितज्ञाने तीच नदी पुन्हा मोजली आणि मोपेर्त्युईचा अंश दोनशेहून अधिक तुआझांनी जास्त निघाला. बर्फावरच्या चार इंचांत चूक नव्हती. ती ताऱ्याच्या वेधात शिरली होती, असे मानतात. निष्कर्ष मात्र पालटला नाही. पृथ्वी संत्र्यासारखीच राहिली, फक्त मोपेर्त्युईने दाबली होती तितकी नाही.

आमच्या मुलुखाशी या गोष्टीचा एक धागा जुळतो. हीच मोजणी हिंदुस्थानात लॅम्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८०२ साली मद्रासजवळ सुरू केली, आणि दक्षिणेपासून वर वर सरकत वीस वर्षे चालवली. सत्तरीच्या घरात पोहोचलेला हा माणूस २० जानेवारी १८२३ रोजी नागपूरच्या वाटेवर हिंगणघाटला वारला. त्याला तिथेच पुरले. त्याच सुमारास उत्तरेत स्त्रूव्ह नावाचा ज्योतिषी आर्क्टिक महासागरापासून काळ्या समुद्रापर्यंत सुमारे २,८२० किलोमीटर लांबीची साखळी मोजीत होता. ते काम १८१६ पासून १८५५ पर्यंत चालले. त्या साखळीतला एक बिंदू तोर्निओजवळचे आलातोर्निओचे देऊळ आहे. २००५ साली जागतिक वारशाच्या यादीत या साखळीचे नाव घातले गेले. हिंगणघाटच्या थडग्याकडे आमच्याकडचे लोक अजून सहसा वळत नाहीत.

हे सगळे मी दुसऱ्या आठवड्यात वर्गात सांगितले. त्या मुलीने ऐकून घेतले आणि विचारले, "मग त्या गावाचं पुढं काय झालं?" मला वाटले होते की पृथ्वीचा निकाल लागला म्हणजे गोष्ट संपली. तिला तसे वाटत नव्हते, आणि तिचेच बरोबर होते.

पुढे असे झाले की रस्ता होता तीच सीमा झाली. १८०९ साली रशियाने स्वीडनकडून फिनलंड जिंकून घेतला आणि तहात तोर्ने नदी दोन राज्यांची हद्द ठरली. नदीच्या मुख्य पात्राच्या हिशोबाने तोर्निओचे बेट स्वीडनच्या बाजूला जायला हवे होते. पण झारला हे व्यापारी गाव हवे होते. म्हणून इथे हद्दीची रेघ मुख्य नदी सोडून बेटाच्या पश्चिमेच्या लहानशा पात्रातून ओढली. गंमत अशी की त्या भागातली जमीन समुद्रातून हळूहळू वर येत आहे, वर्षाला आठ-नऊ मिलिमीटर. हिमयुगातल्या बर्फाच्या प्रचंड ओझ्याखाली ती दबली होती, ती अजून सावरते आहे. मोपेर्त्युईच्या वेळेपासून आजवर ती दोन मीटरांहून अधिक उचलली गेली. त्यामुळे बंदर उथळ झाले, समुद्राकडे सरकले, आणि हद्दीचे ते पश्चिमेचे पात्र आटून चिखल-गवताचा ओघळ झाला. स्वीडनने आपले गाव गेले म्हणून त्या ओघळाच्या पलीकडे नवे गाव वसवले, हापरांडा. १८४२ मध्ये त्याला शहराचा दर्जा मिळाला. दोन देशांची दोन गावे, मधे पाऊलभर पाणी. चुलत्यापुतण्यांच्या वाटणीत आड अंगणाच्या मधोमध यावा तसा हा प्रकार.

पहिल्या महायुद्धात या ओघळाचे महत्त्व एकाएकी जगभर वाढले. बाल्टिक समुद्रात पाणसुरुंग पेरले गेले, आणि रशियाला पश्चिमेकडे जायला जमिनीवरून ही एकच वाट उरली. १९०३ पर्यंत रेल्वे तोर्निओपर्यंत आली होती. पलीकडून स्वीडनची रेल्वे १९१५ साली हापरांडाला पोहोचली. मधे नदी, आणि पूल नाही. पूल झाला १९१९ साली, युद्ध संपल्यावर. तोवर टपालाच्या थैल्या, माल, माणसे सगळे काही उन्हाळ्यात होड्यांतून आणि हिवाळ्यात घोड्यांच्या घसरगाड्यांतून बर्फावरून जाई. १९१५ पासून इथून पंगू झालेल्या युद्धकैद्यांची अदलाबदल सुरू झाली. हात गेलेले, पाय गेलेले, डोळे गेलेले, क्षयाने खंगलेले असे साठ हजारांहून अधिक सैनिक या नदीवरून आपापल्या घरच्या दिशेने गेले. रशियाचे इकडे येत, जर्मनी-ऑस्ट्रियाचे तिकडे जात. काहींचा प्रवास इथेच संपला.

आणि १५ एप्रिल १९१७ रोजी स्वित्झर्लंडहून निघालेला तीसेक माणसांचा एक जथा हापरांडाला उतरून घसरगाड्यांत बसला. बर्फ अजून टिकून होते. पलीकडे तोर्निओत तपासणीला इंग्रज अधिकारीही होते. त्यांनी या मंडळींची कसून झडती घेतली आणि शेवटी सोडून दिले. त्या जथ्यात लेनिन होता. दुसऱ्या दिवशी रात्री तो पेट्रोग्राडला पोहोचला. पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे.

१९४४ सालची हकीकत मात्र फारशी कोणी सांगत नाही. सप्टेंबरात फिनलंडने रशियाशी युद्धविराम केला आणि काल सोबती असलेल्या जर्मन सैन्याला देशाबाहेर घालवण्याचे काम अंगावर आले. उत्तरेतल्या लोकांना घरे सोडण्याचा हुकूम झाला. पन्नास हजारांहून अधिक माणसे तोर्ने नदी ओलांडून स्वीडनमध्ये गेली, आणि ती एकटी गेली नाहीत, गाई घेऊन गेली. बाप्ये आघाडीवर, म्हणून कासरे बायकांच्या आणि पोरांच्या हातात. १ ऑक्टोबरला फिनी सैन्य तोर्निओच्या र्‍यॉत्ता बंदरात उतरले आणि आठवडाभर लढाई झाली; हापरांडाचे लोक पलीकडच्या काठावरून आपल्या शेजाऱ्यांच्या गावातला धूर पाहत होते. माघार घेताना जर्मनांनी रोव्हानिएमी शहर जाळून बेचिराख केले. तोर्निओ मात्र बव्हंशी वाचले, आणि ते १६८६ सालचे लाकडी देऊळही वाचले. युद्ध संपल्यावर गाई पुन्हा नदी ओलांडून घरी आल्या. टंचाईच्या त्या काळात रात्रीच्या वेळी कॉफी आणि इतर चीजवस्तूही नदी ओलांडीत. सरकार त्याला चोरटा व्यापार म्हणे, आणि काठावरचे लोक त्याला आपला निराळा शब्द वापरीत. त्यांच्या हिशोबी पलीकडच्या मावशीकडून साखर आणली तर त्यात गुन्हा तो कसला?

आज ही सीमा पायांना जाणवतही नाही. दोन्ही गावांच्या मधोमध बाजार आहे, मुले इकडून तिकडे शाळेला जातात, नववर्ष एका तासाच्या अंतराने दोनदा साजरे होते, कारण फिनलंडचे घड्याळ स्वीडनच्या एक तास पुढे चालते. सीमेवर पसरलेले गोल्फचे मैदानही आहे. तिथे एका देशात टोलवलेला चेंडू दुसऱ्या देशात तासभर आधी पडतो म्हणे. रेल्वेला मात्र सीमा अजून कळते. फिनलंडचे रूळ झारच्या काळातले, १५२४ मिलिमीटर रुंद, स्वीडनचे १४३५. फरक साडेतीन इंचांचा, पण त्यापायी पुलावर दोन्ही मापांचे रूळ एकात एक घालावे लागले. फक्त एकदा, २०२० साली साथीच्या दिवसांत, दोन्ही गावांच्या मधल्या चौकात तात्पुरते कुंपण घातले गेले, आणि घरची माणसे त्याच्या दोन्ही बाजूंना उभी राहून बोलत होती.

वाचकांपैकी कोणाला जायचे असेल तर हेलसिंकीहून उत्तरेकडे जाणारी रात्रीची गाडी धरावी. सातशे किलोमीटरांहून अधिक अंतर आहे. रात्रभर खिडकीबाहेर झाडेच झाडे. केमीला उतरले तर तिथून बसने पंचवीस-तीस किलोमीटर. गावात फिरायला वाहन लागत नाही. देवळाचा कळस दुरूनच दिसतो. उन्हाळ्यात गेलात तर नदीच्या वरच्या अंगाला कुक्कोलाच्या खळाळावर लोक लांब दांड्याच्या जाळ्यांनी मासे उपसताना दिसतील, आणि ते मासे काठावर भाजून मिळतील. डासांसाठी काहीतरी बरोबर ठेवावे. हिवाळ्यात गेलात तर नदीवर पाऊल टाकण्याआधी गावातल्या माणसाला विचारून घ्यावे.